विंडोजचं संगीत-सर्व्हर मॅकवर : आधी गाणी सांभाळा, मग यंत्र



आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात गाण्याला तोटा नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सातारा जिल्ह्यातल्या औंधला १९४० पासूनची संगीत उत्सवाची परंपरा आहे. शाळेत तर गाणं रोजचंच : परिपाठातली प्रार्थना, समूहगीतं, चाल लावलेल्या कविता, स्नेहसंमेलनाची रेकॉर्डिंग, एखाद्या आजीने मुलांना म्हणून दाखवलेल्या ओव्या. विकतची गाणी पुन्हा मिळतील. त्या आजीचा आवाज मात्र बऱ्याचदा शाळेच्या एकाच संगणकावर असतो.

हा संगणक बहुतेक ठिकाणी विंडोजचा. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे जुनी यंत्रं बदलायचा विषय अनेक शाळांत निघतोय. समजा, एखाद्या माजी विद्यार्थ्याने शाळेला मॅक मिनी भेट दिला. यंत्र चांगलं आहे, पण गाणी वाजवणारा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो. अशा वेळी काय करायचं? आजचा पाठ यावर.

संगीत-सर्व्हर म्हणजे काय?

शाळेचं ग्रंथालय डोळ्यासमोर आणा. कपाटात पुस्तकं, टेबलावर नोंदवही आणि मागेल त्याला पुस्तक काढून देणारे ग्रंथपाल. संगीत-सर्व्हरही तसाच. गाण्यांच्या फाइल्स ही पुस्तकं. गाण्याचं नाव, गायक, गाव, वर्ष ही माहिती म्हणजे नोंदवही. आणि वर्गातल्या टीव्हीने किंवा टॅबने वाय-फायवरून मागितलं की गाणं पाठवणारा प्रोग्रॅम म्हणजे ग्रंथपाल. यासाठी इंटरनेट लागत नाही, शाळेतला राउटर पुरतो.

मीडियामंकी हे उदाहरण घेऊ. त्याची संगणकावरची आवृत्ती फक्त विंडोजसाठी आहे आणि तिच्यात असा सर्व्हर आहे. म्हणजे आपले ग्रंथपाल एकाच भाषेत बोलतात, आणि मॅकला ती भाषा येत नाही. प्रोग्रॅम पदोपदी विंडोजकडे काही ना काही मागत असतो : ही फाइल उघड, हा आवाज बाहेर सोड. मॅकमध्ये त्या मागण्या ऐकणारं कोणी नसतं. म्हणून नुसती कॉपी करून भागत नाही.

चार वाटा

१. मॅकवर खरंखुरं विंडोज. ॲपलने २००६ मध्ये इंटेलचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली आणि बूट कॅम्प ही सोय दिली. एकाच यंत्रात दोन्ही सिस्टिम, चालू करताना एक निवडायची. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम-१ आणि त्यापुढच्या चिपच्या मॅकमध्ये ही सोय नाही. शिवाय विंडोज चालू असताना मॅक बंदच असतो. मग मॅक घेऊन उपयोग काय?

२. मॅकच्या आत विंडोजची खोली. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पॅरलल्स विकत मिळतं, यूटीएम मोफत आहे. नव्या चिपवर विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती बसवावी लागते आणि विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. इथे एक खाचखळगा आहे. सगळं बसतं, गाणंही वाजतं, पण वर्गातल्या टीव्हीला सर्व्हर दिसतच नाही. कारण ही खोली मॅकच्या आड असते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘ब्रिज्ड’ निवडलं की तिला राउटरकडून स्वतःचा पत्ता मिळतो आणि ती टीव्हीला दिसू लागते. मॅक राउटरला केबलने जोडलेला असेल तर हे काम सुरळीत होतं.

३. दुभाषी ठेवणं. १९९३ मध्ये सुरू झालेला वाइन हा मोफत प्रकल्प विंडोजच्या मागण्या जागच्या जागी बदलून दुसऱ्या सिस्टिमला समजावतो. त्याच्यावर आधारलेलं क्रॉसओव्हर विकत मिळतं. यात विंडोजचा परवाना लागत नाही आणि मेमरीही कमी खर्च होते. पण प्रत्येक प्रोग्रॅम चालेलच असं नाही. खिडकी उघडते, गाणं वाजतं आणि नेमका नेटवर्कचा भाग अडतो, असं होऊ शकतं. नव्या चिपच्या मॅकवर वाइनला रोझेटा या ॲपलच्या सोयीचाही टेकू लागतो. ही सोय पूर्ण रूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय.

४. ग्रंथपाल बदलणं. जेलीफिन हा मोफत सर्व्हर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. गाण्यांचं फोल्डर दाखवलं की तो स्वतः यादी करतो आणि कुठल्याही टॅबच्या ब्राउझरमध्ये ती उघडते.

मग निवडायचं काय? माझं मत सरळ आहे. पहिल्या तीन वाटा म्हणजे ओढ्यावरचा साकव. पलीकडे जायला उपयोगी, पण साकवावर कोणी घर बांधत नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षांच्या नोंदी असतील तर दुसरी वाट धरा, नोंदी बाहेर काढा, आणि रोजच्या वापराला चौथी वाट ठेवा. नोंदी काढायला जुना विंडोज संगणक अजून चालत असेल तर उत्तमच, साकवही लागणार नाही.

खरा धोका नोंदवहीला

फाइल्स सहज कॉपी होतात. अडचण नोंदवहीची येते. काही माहिती गाण्याच्या फाइलमध्येच लिहिलेली असते, तिला टॅग म्हणतात. काही मात्र प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असते, म्हणजे ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात. ग्रंथपाल गेले की खण बंद. मग ‘रेकॉर्डिंग ०४७’ हातात राहतं, पण म्हणणारी आजी कोण, कुठल्या गावची, हे कळत नाही. म्हणून हलवण्याआधी एवढं करा :

• प्रोग्रॅममधली माहिती फाइलच्या टॅगमध्ये लिहून घ्या.
• ‘परिपाठ’, ‘पंधरा ऑगस्ट’ अशा याद्या एमथ्रीयू प्रकारात बाहेर काढा.
• नावं युनिकोड मराठीत हवीत. जुन्या शिवाजी किंवा कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्यांची दुसऱ्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होते.
• नेआण करायची डिस्क एक्सफॅट प्रकारची ठेवा. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर आपणहून लिहू शकत नाही.
• दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. एक शाळेत, एक शाळेबाहेर.
• मॅकची आपोआप झोपायची सेटिंग बंद करा. सर्व्हर झोपला की वर्गातलं गाणंही थांबतं.

आणखी एक. गावातल्या माणसांचे आवाज त्यांना विचारूनच ठेवावेत. सर्व्हर शाळेच्या वाय-फायपुरताच ठेवा, इंटरनेटवर उघडा करू नका.

आपल्याकडचं मोठं उदाहरण

जात्यावरच्या ओव्यांचं काम आठवा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून ओव्या जमवायला सुरुवात केली. संग्रह एक लाखाच्या वर गेला. बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणकाच्या अभ्यासकाने त्याच्या डेटाबेसचं काम पाहिलं. २०१७ पासून या ओव्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतात. या काळात संगणकाच्या कितीतरी पिढ्या बदलल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं होतं, म्हणून आजही कोण गातंय ते कळतं. आपल्या शाळेच्या छोट्या संग्रहालाही हाच नियम लागू आहे.

वर्गात करून घेण्यासारखं गणित (आठवी-नववी)

सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट्स, आणि डावा-उजवा असे २ आवाज असतात.

४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट्स
८ ने भागून १,७६,४०० बाइट्स
६० ने गुणून मिनिटाला १,०५,८४,००० बाइट्स, म्हणजे सुमारे १० एमबी

१२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला ९,६०,००० बाइट्स, म्हणजे सुमारे १ एमबी लागतो.

आता मुलांना विचारा : ४ मिनिटांची ५०० गाणी किती जागा घेतील? एमपीथ्रीत साधारण २ जीबी, सीडीच्या दर्जात साधारण २१ जीबी. मग ओवीची मूळ प्रत कुठल्या प्रकारात ठेवावी? आणि ३० मुलांनी एकाच वेळी एमपीथ्री ऐकली तर? ३० × १२८ = ३,८४० केबीपीएस, म्हणजे ४ एमबीपीएसच्याही आत. साधा राउटर एवढं सहज पेलतो.

या आठवड्यात एक छोटी चाचणी करून बघा. शाळेच्या संग्रहातली कुठलीही दहा गाणी पेनड्राइव्हवर घ्या आणि अगदी वेगळ्या यंत्रावर लावा. गाणं वाजलं, आणि नाव, गायक, गाव मराठीत नीट दिसलं, तर उद्या कुठलंही यंत्र आलं तरी काळजी नाही. नाही दिसलं, तर मॅकचं खोकं उघडण्याआधी ते काम हाती घ्या. नाव सांगणारी माणसं गावात आहेत तोवर ते सोपं आहे.