घटक ४ : नगरसुधारणा आणि मराठीचा शब्दव्यवहार – मुंबई शहराचे उदाहरण

४.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस –
१. नागरी सोयींमुळे शब्दसंग्रहात व शब्दार्थांत झालेले बदल उदाहरणांसह सांगता येतील.
२. लोकव्यवहारातील शब्द आणि प्रशासकीय शब्द यांतील फरक स्पष्ट करता येईल.
३. सार्वजनिक सूचनेतील वाक्यरचनेचे, विशेषतः तीमधील कर्त्याच्या स्थानाचे, विश्लेषण करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थांतर इत्यादी अर्थपरिवर्तनाचे प्रकार पाहिले. काळाच्या ओघात शब्दांचे अर्थ बदलतात, असे विधान आपण तेथे वाचले असेल. ते खरे असले तरी अपुरे आहे. काळ स्वतः शब्दाला काहीच करीत नाही. माणसांचे जगणे बदलते, म्हणून त्यांचे शब्द बदलतात. शहराचे जगणे ज्या गोष्टींनी मुळापासून बदलले त्यांत नळाचे पाणी, भूमिगत गटारे आणि घरबांधणी यांचा क्रम वरचा आहे. प्रस्तुत घटकात या तीन सुधारणांचा मुंबईच्या संदर्भात भाषिक अंगाने विचार करावयाचा आहे.

हा विचार करताना एक प्रश्न सतत सोबत ठेवावा : वाक्यातील कर्ता कोठे आहे? व्याकरणाच्या तासाला शिकलेला हा साधा प्रश्न नागरी जीवनातही किती उपयोगी पडतो, हे विवेचनाच्या ओघात स्पष्ट होईल.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पाणी : 'शेंदणे' ते 'येणे'

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईकर विहिरींवर आणि तलावांवर अवलंबून होते. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळांवाटे शहरात आले. त्यानंतर तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) या तलावांची भर पडली. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ चे, म्हणजे या स्थित्यंतराच्या अगदी उंबरठ्यावरचे आहे.

विहिरीभोवती एक संपूर्ण शब्दकुल नांदत होते : आड, रहाट, पोहरा, दोर, शेंदणे, पाणवठा. नळाने दुसरे कुल आणले : तोटी, टाकी, मीटर, नळकोंडाळे, चावी. यांतील 'नळ' हा शब्द नवा नव्हे. पोकळ नळी या अर्थाने तो पूर्वीपासून भाषेत होता. त्याचा अर्थविस्तार झाला. पुढे तर 'नळ आला', 'नळ गेला' असे आपण म्हणू लागलो. येथे नळ जागचा हलत नाही. येते-जाते ते पाणी. वाहकाच्या नावाने वाहिल्या जाणाऱ्या वस्तूचा निर्देश करणारी ही लक्षणा होय. 'चावी' हा शब्द पोर्तुगीजमधून आला. कुलपाची ही चावी जलवाहिनीच्या झडपेलाही लागू झाली आणि ठरलेल्या वेळी झडपा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पालिकेच्या कर्मचाऱ्याला मुंबईने 'चावीवाला' हे नाव दिले.

आता क्रियापदांकडे पाहू. 'शेंदणे' हे सकर्मक क्रियापद आहे. 'तिने पाणी शेंदले' या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे आणि त्या कर्त्याच्या तळहातांना दोराचे घट्टेही आहेत. 'पाणी आले' हे वाक्य अकर्मक आहे. त्यात पाणी हाच कर्ता. नळाने बाईचे कष्ट कमी केले, हे या वाक्याने नोंदवले आहे. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट नोंदवली गेली. शेंदणारी आपल्या वेळेने विहिरीवर जाई. नळ मात्र त्याच्या वेळेला येतो. 'आज पाणी आले नाही' या वाक्यात तर सोडणाराही दिसत नाही आणि अडवणाराही दिसत नाही. मुंबईकराने त्या अदृश्य कर्त्याला 'चावीवाला' हे नाव दिले, याचे भाषिक महत्त्व येथे ध्यानात येते.

४.३.२ मैला : नावातला माणूस

गटारे भूमिगत होण्यापूर्वी आणि नंतरही दीर्घकाळ मुंबईतील मैला माणसांनी वाहिला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात या सेवेसाठीच्या कराला 'हलालखोर कर' असे नाव होते. 'हलालखोर' या अरबी-फारसी सामासिक शब्दाचा मूळ अर्थ 'सचोटीचे खाणारा' असा आहे. प्रतिष्ठा देण्यासाठी योजलेला हा शब्द हीन मानलेल्या कामाला चिकटला आणि स्वतःच हीनार्थी बनला. अर्थापकर्षाचे हे बोलके उदाहरण होय. शब्द माणसाला वर उचलू शकला नाही. कामाने शब्दालाच खाली ओढले.

आज करदेयकावर 'मलनिःसारण कर' असे नाव आढळते. या बदलाचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी करावे. अवमानकारक शब्द गेला, ही इष्ट गोष्ट आहे. मात्र जुन्या नावात काम करणारा माणूस होता. नव्या नावात केवळ क्रिया उरली आहे. मैला जणू आपोआप निघून जातो.

याउलट 'सफाई कामगार' हा शब्द पाहावा. त्यातील 'कामगार' हे पद वेतन, रजा, संघटना आणि सुरक्षितता यांची मागणी करू शकते. जातिवाचक नाव ती करू शकत नव्हते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि अधिक व्यापक स्वरूपात २०१३ मध्ये केंद्रीय कायदे झाले. तरीही गटारांत उतरलेल्या माणसांच्या गुदमरून मृत्यूच्या बातम्या येतच राहिल्या आहेत. नाव बदलणे ही सुधारणेची एक पायरी आहे. सुधारणा म्हणजे तेवढेच नव्हे.

४.३.३ घर : 'पात्र' आणि 'संक्रमण'

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट, अंधाऱ्या वस्त्यांचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, नव्या वसाहती आखल्या आणि चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे एकूण २०७ चाळी उभारल्या. या दोन्ही संस्था आज नाहीत. मात्र त्यांची आद्याक्षरे 'बीआयटी चाळ' आणि 'बीडीडी चाळ' या रूपांत मराठीत रुजली आहेत. या अक्षरांचा विस्तार सांगता न येणाऱ्यालाही त्यांचा अर्थ पुरेपूर ठाऊक असतो. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले, हेही येथे नमूद करावयास हवे.

बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात तिच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर देण्याची योजना आहे. या बदलासोबत आलेल्या शब्दांपैकी दोन अभ्यासनीय आहेत. पहिला 'संक्रमण शिबिर'. संक्रमण म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाणे. मकरसंक्रमणाचा दिवस पंचांगात नेमलेला असतो. शहरातील संक्रमण शिबिरांत मात्र अनेक कुटुंबांची वर्षानुवर्षे गेली. शब्दार्थातील तात्पुरतेपणा अनुभवाने पुसून टाकला. बोलण्यात या शिबिराला 'ट्रान्झिट' म्हणतात आणि 'आम्ही ट्रान्झिटला राहतो' या वाक्यात ते पत्त्यासारखे येते.

दुसरा शब्द 'पात्र'. भांडे हा त्याचा एक अर्थ. दान घेण्यास योग्य व्यक्ती हा दुसरा. 'सत्पात्री दान' या प्रयोगात तो आपल्या परिचयाचा आहे. पुनर्वसनाच्या यादीत 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द येतात तेव्हा दानाची ती जुनी छटा नकळत सोबत येते आणि हक्काच्या जागी कृपेचा भास होतो. शिवाय माणूस अपात्र 'ठरतो'. 'ठरणे' हेही अकर्मक क्रियापद आहे. कोणी ठरवले, कोणत्या कागदावरून ठरवले, हे वाक्य सांगत नाही. पहिल्या उपघटकातील प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

४.३.४ सूचना : कठीण काय आहे?

प्रशासकीय मराठी संस्कृतप्रचुर असल्यामुळे ती दुर्बोध होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो तपासून पाहू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर पावसाचे पाणी समुद्रात उपसून टाकण्यासाठी पंपिंग स्टेशने उभारण्याच्या कामाला वेग आला. पालिकेच्या भाषेत ही 'पर्जन्य जल उदंचन केंद्रे'. 'उदंचन' म्हणजे पाणी वर काढणे. शब्द अपरिचित आहे, परंतु नेमका आहे. सावरकरांच्या नावे सांगितला जाणारा 'महापौर' हा शब्दही एकेकाळी असाच नवा होता; वापराने तो रुळला. तेव्हा अपरिचित शब्द हा काही काळापुरता अडथळा असतो. वाक्यरचनेचा अडथळा अधिक चिवट असतो. पुढील नमुना पाहा :

'जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने सदर विभागातील पाणीपुरवठा खंडित करण्यात येईल. नागरिकांनी पाण्याचा आवश्यक साठा करून ठेवावा व सहकार्य करावे.'

यातील शब्द फारसे कठीण नाहीत. पण 'घेण्यात येणार', 'करण्यात येईल' या रचनांत कर्त्याचा उल्लेख नाही. जेथे कर्तव्य नागरिकांचे आहे तेथे मात्र 'नागरिकांनी' असा कर्ता ठळकपणे आला आहे. पालिकेची क्रिया कर्त्यावाचून आणि नागरिकाची कर्त्यासह, अशी ही विभागणी आहे. आता हीच सूचना दुसऱ्या प्रकारे लिहू :

'बुधवारी आम्ही तुमच्या भागातील जलवाहिनी दुरुस्त करणार आहोत. सकाळी १० ते रात्री १० या वेळेत पाणी येणार नाही. आदल्या दिवशी पाणी भरून ठेवा. रात्री १० नंतरही पाणी न आल्यास विभाग कार्यालयातील जल अभियंत्यांकडे चौकशी करा.'

दुसऱ्या नमुन्यात कर्ता आला, त्यासोबत वेळ आली आणि उत्तर देणारा माणूसही आला. कर्ता लिहिला की जबाबदारी लिहिली जाते. विकास आराखड्यावर 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी जाहिरात प्रसिद्ध होते, तेव्हा ती ज्याला उमगली नाही त्याची हरकत मुदतीत पोहोचत नाही. म्हणून हा केवळ शैलीचा प्रश्न नाही.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. महानगरपालिकांसारख्या स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी अनिवार्य करणारा स्वतंत्र कायदा २०२२ मध्ये झाला. कामकाज मराठीत असावे, हा हक्क त्यामुळे मिळाला. ती मराठी ज्याच्यासाठी लिहिली त्याला कळावी, हे पुढचे काम मराठीच्या अभ्यासकांचे, अर्थात आपलेही आहे.

४.४ सारांश

नागरी सुधारणांनी नवे शब्द आणले, जुन्यांचे अर्थ पालटले आणि वाक्यांतील कर्त्याचे स्थानही बदलले. 'पाणी आले' या वाक्यात कष्टांपासून सुटका आहे आणि परावलंबनही आहे. 'मलनिःसारण' या नावात माणूस दिसेनासा झाला. 'सफाई कामगार' या नावात तो हक्कासह परतला. प्रशासकीय मराठीचा दुर्बोधपणा शब्दांपेक्षा कर्ता गाळणाऱ्या रचनेत अधिक आहे. आपल्या आयुष्यात घडणारी सुधारणा ज्याला आपल्या भाषेत सांगता येते आणि तिच्याविषयी कोणाला विचारायचे हे कळते, तोच त्या शहराचा पूर्ण अर्थाने नागरिक होय.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'नळ गेला' या प्रयोगातील लक्षणा स्पष्ट करा.
२. 'हलालखोर' या शब्दाच्या अर्थापकर्षाची कारणमीमांसा करा.
३. 'शेंदणे' आणि 'येणे' या क्रियापदांच्या आधारे पाणीपुरवठ्यातील बदलाचे विवेचन करा.
४. 'अपात्र ठरणे' या प्रयोगावर भाषिक टीप लिहा.

४.६ उपक्रम

आपल्या गावातील किंवा शहरातील एखादी सार्वजनिक सूचना अथवा करदेयक मिळवा. त्यातील कर्ता नसलेली वाक्ये अधोरेखित करा. प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधून ती पुन्हा लिहा. नंतर मूळ सूचना आणि आपले लेखन घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस वाचून दाखवा आणि कोणते अधिक कळले, ते त्यांच्याच शब्दांत नोंदवा.