अपचन, थकवा आणि घरचा औषधी डबा



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या जेवणाची वेळ तोडीच्या टोळीवर आणि रात्रीच्या लाईटीवर ठरते. दुपारची भाकरी चारला, रात्रीची अकराला, आणि ती खाऊन लगेच दारं धरायला. मधे चहावर चहा. मग करपट ढेकरा, पोट जड आणि अंगात त्राण नाही. यातल्या अपचनाला आयुर्वेदात अग्निमांद्य म्हणतात.

त्यावर घरी करता येण्यासारखे औषध म्हणजे हिंग्वाष्टक चूर्ण. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि तुपात परतलेला हिंग अशी ही आठ द्रव्ये. पाव चमचा चूर्ण तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाला घ्यायचे. आपल्यापैकी पुष्कळ जण पोट फुगल्यावर डबा शोधतात, तिथंच चुकतं. छातीत जळजळ होणाऱ्यांनी, आंबट पाणी वर येणाऱ्यांनी मात्र हे घेऊ नये, कारण यातली बहुतेक द्रव्ये उष्ण आहेत. रक्तदाब असणाऱ्यांनी सैंधव हेही मीठच आहे हे ध्यानात ठेवावे. पोट साफ होत नसेल तर हिरडा, बेहडा, आवळा यांचे त्रिफळा चूर्ण रात्री कोमट पाण्यातून घ्यावे.

थकव्याचे एवढे सोपे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. चाळिशीपुढच्या गड्याचा थकवा पुष्कळदा मधुमेहाचा निघतो. तेव्हा आधी हिमोग्लोबिन आणि साखर तपासावी. रक्त कमी असेल तर डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. जेवणात आवळा किंवा लिंबू असले की अन्नातले लोह अंगी जास्त लागते. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो.

अश्वगंधा दुधातून घेण्याची रीत जुनी आहे. पण गरोदर बाईला ती देऊ नये. काहींच्या यकृताला तिने इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून थायरॉईड वा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आसव-अरिष्टांचे सांगायचे तर त्यात गूळ वा साखर असते आणि ती आंबवलेली असतात. डिस्टिलरीत मळी आंबते तोच प्रकार बरणीत होतो. म्हणून त्यात थोडे मद्य आपोआप तयार होते. मधुमेह्यांनी बाटलीवरचा मजकूर वाचावा. बाजारात मिळणारी बिननावाची, बिनपत्त्याची ‘ताकदीची पुडी’ तर घेऊच नये. अशा पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेले सापडले आहे. चार दिवस हुशारी वाटते, पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

आणखी एक. छाती दाटून आली, दरदरून घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, की घरची मंडळी “गॅस झालाय” म्हणून ओवा-सोडा देतात. तसे करू नये. हातातले काम टाकून गाडी काढावी आणि ई.सी.जी. निघतो अशा दवाखान्यात माणसाला लगेच न्यावे. दुखणाऱ्याला स्वतः मोटारसायकल चालवू देऊ नये.