दोन टेराबाइटची वेस

नागपूरच्या महालासारख्या जुन्या वस्तीत डीटीपीच्या दुकानात पंधरा-वीस वर्षांचा संगणक दिसला, तर मालकाच्या चिकटपणामुळे तो टिकला आहे असं समजू नये. पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीच्या युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल त्याच्या पोटात असतात. तीच फाइल नव्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी भलत्याच चिन्हांचा चिवडा दिसतो. फाँट, सॉफ्टवेअर, त्याचं कुलूप म्हणून लावलेला डोंगल आणि विंडोज एक्सपी जिथे एकत्र नांदतात, तिथेच ते पान नीट छापून निघतं. म्हणून ‘नवा संगणक घ्या’ हा सल्ला मला वरवरचा वाटतो. यंत्र आहे ते ठेवून जागा वाढवायची, ही गरज खरी आहे. मात्र डिस्क निवडताना आणि ती भरायला घेण्यापूर्वी जी घाई होते, तिथे वर्षानुवर्षांचं काम जाऊ शकतं.

जुना संगणक मोठ्या डिस्कला नकार देत नाही, हा यातला सगळ्यात मोठा धोका. केबल बसते, डिस्क फिरते, बायोसच्या पडद्यावर तिचं नाव उमटतं, आणि ‘दिसली म्हणजे चालली’ असा निष्कर्ष निघतो. डिस्कवरची जागा सेक्टरच्या क्रमांकाने ओळखली जाते. जुन्या आयडीई पद्धतीत हा क्रमांक २८ बिटांचा होता. एका सेक्टरला ५१२ बाइट धरले तर हिशेब १३७ जीबीवर संपतो. ४८ बिटांचा क्रमांक २००२ च्या सुमारास रूढ झाला, आणि एक्सपीला तो सर्व्हिस पॅक १ पासून कळू लागला. दुसऱ्या संगणकावर फॉरमॅट केलेली १६० जीबीची डिस्क त्याआधीच्या एक्सपीला लावली, तर १३७ जीबीपुढचा क्रमांक लिहिताना वरचा बिट गळून पडतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पुढची फाइल डिस्कच्या आरंभी जाऊन बसते आणि तिथे जे असेल ते पुसलं जातं. पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. काही जण म्हणतात, डिस्क एवढी भरणारच नाही, मग काळजी कशाला? पण विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था फायली सुरुवातीपासून ओळीने रचतेच असं नाही. अर्धी रिकामी डिस्कही त्या रेषेपलीकडे लिहू शकते.

आजची वेस २.२ टीबीवर आहे. १९८३ च्या डॉसपासून चालत आलेल्या एमबीआर या विभागणी-तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो आणि त्याची धाव तिथेच थांबते. एखाद्या जुन्या ड्रायव्हरखाली ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसते, ती याच हिशेबाने: वेशीपर्यंतचा भाग वजा होऊन उरलेला तेवढाच दिसतो. डिस्क खराब नसते, पण दुकानात परत नेली जाते. मोठ्या डिस्कचे दोन-तीन पार्टिशन पाडले की भागतं, असंही सांगितलं जातं. ते खरं नाही, कारण पार्टिशनची सुरुवात कुठे हेदेखील त्याच ३२ बिटांत लिहावं लागतं. जीपीटी हा नवा तक्ता ही अडचण सोडवतो, पण ३२ बिटांच्या एक्सपीला तो वाचता येत नाही. विंडोज ७ असेल तर जुन्या बायोसवरही जीपीटीची डिस्क साठवणीसाठी चालते. त्यावरून संगणक सुरू करता येत नाही, एवढंच.

सर्वांत सबळ आक्षेप वेगळा आहे: यूएसबीच्या डब्यातली ४ टीबीची डिस्क एक्सपीवर व्यवस्थित चालताना लोकांनी पाहिली आहे. हे खरं आहे. तसे काही डबे संगणकाला ५१२ ऐवजी ४०९६ बाइटांचा सेक्टर दाखवतात, त्यामुळे तेवढ्याच क्रमांकांत आठपट जागा मावते. पण पुढे तीच डिस्क डब्यातून काढून थेट संगणकातल्या साटा केबलला जोडली, की तक्त्यातले सगळे आकडे चुकीच्या मापाने वाचले जातात, डिस्क कोरी भासते आणि विंडोज ती ‘इनिशियलाइज’ किंवा फॉरमॅट करू का असं विचारते. तिथे होकार देऊ नये. डिस्क परत त्याच डब्यात घातली तर फायली जशाच्या तशा असतात. होकार दिला की डिस्कवर नव्याने लिहिलं जातं.

म्हणून एक्सपीच्या यंत्रासाठी मी २ टीबीच्या वर जाऊ नका असंच सांगेन. एवढ्या जागेत मजकुराची पानं आयुष्यभर मावतात. अलीकडच्या डिस्कचा आतला सेक्टर ४०९६ बाइटांचा असतो आणि एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. माप जुळत नाही आणि लिहिणं मंदावतं. ते पार्टिशन विंडोज ७ किंवा लिनक्सवर पाडून घ्यावं, म्हणजे सुरुवात २०४८ व्या सेक्टरवर येते. मग कामाची एकही फाइल न टाकता, ज्या संगणकात डिस्क राहणार त्याच संगणकात ती काठोकाठ भरून परत वाचून ताडून पाहावी. हे करणारी मोफत साधनं मिळतात. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तर लिहायला साडेपाच तास आणि वाचायला तेवढेच. म्हणजे दुकान बंद असताना करायचं काम. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे विसरू नये. बहुतेक डेस्कटॉप डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते आणि जुन्या कॅबिनेटमध्ये पंखा धुळीने बसलेला असतो. आधी तो साफ करावा, दोन डिस्कमध्ये एक खण मोकळा सोडावा, कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. फायलींची नव्या डिस्कवर नक्कल झाल्यावर जुनी डिस्क केबल काढून, तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवावी, आणि ती पुसून दुसरीकडे वापरण्याआधी नव्या डिस्कवरून एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्यावा.