प्लास्टिकला नेमकं कुठं भ्यायचं?

‘डॉक्टर, प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी प्यायल्यानं कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?’ नांदेड-लातूरकडच्या पेशंटांकडून हा प्रश्न आता बीपी-शुगरच्या प्रश्नांइतकाच वारंवार येतो. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून लोक धास्तावले आहेत. घरातले सगळे डबे फेकून द्यायला निघालेल्या गृहिणी मला भेटतात. चहा मात्र त्यांच्याही घरी कधीमधी हॉटेलातून पन्नीत बांधून येतो. म्हणून आज थोडं रसायनशास्त्र सांगतो. ते कळलं की धोका कुठे मोठा आणि कुठे किरकोळ, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

प्लास्टिक म्हणजे पॉलिमर. मण्यांची माळ ओवावी तसे छोटे रेणू एकमेकांना जोडून तयार झालेला लांबलचक रेणू. इथिलीन वायूचे हजारो रेणू असे जोडले की पॉलिथिन होतं. ही कला निसर्गालाही येते. आपल्या कपाशीतलं सेल्युलोज आणि ज्वारीतलं स्टार्च हे पॉलिमरच आहेत. भाकरीतल्या स्टार्चचे तुकडे करणारी पाचकद्रव्यं आपल्या लाळेत आणि आतड्यात असतात. पॉलिथिन तोडणारं शरीरात काहीच नाही. म्हणून लहान मुलानं पिशवीचा एखादा छोटा तुकडा गिळला तर तो बहुधा जसाच्या तसा शौचावाटे बाहेर पडतो.

काळजी करायची ती या लांब रेणूंच्या आसपास असलेल्या सुट्या गोष्टींची. प्लास्टिक मऊ व्हावं, रंगीत दिसावं, टिकावं म्हणून त्यात रसायनं मिसळतात. काही रेणू जोडले न जाता तसेच राहतात. शिवाय प्लास्टिक झिजलं की सूक्ष्म कण सुटतात. हे सगळं बाहेर पडायला निमित्त लागतं. उष्णता, तेल, आंबट पदार्थ, ऊन आणि जुनेपणा ही ती निमित्तं. स्वच्छ, नव्या डब्यात कोरडी डाळ किंवा पोहे ठेवले तर यातलं जवळपास काहीच लागू होत नाही. ते डबे खुशाल वापरा.

पन्नीतला चहा मात्र आजपासून बंद करा, असं मी ठामपणे सांगतो. पातळ पॉलिथिन साधारण 110 अंश सेल्सिअसला वितळतं आणि नुकताच गाळलेला चहा 85-90 अंशांचा असतो. पिशवी फुटत नाही, पण हाताला लिबलिबीत लागते, हे तुम्ही पाहिलंच असेल. काळ्या किंवा गडद रंगाच्या पिशव्या अनेकदा जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या असतात. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत खाद्यपदार्थ बांधायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी मनाई केली होती. गरम वरण, सांबार, मटणाचा तेलकट रस्सा यांचंही तेच. तिथं उष्णतेच्या जोडीला तेलही येतं.

कागदी कपात प्यायलं म्हणजे सुटलो, असंही नाही. कागद भिजू नये म्हणून कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की अशा कपात 100 मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं राहिला तर त्यात सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. ऑफिसात, दुकानात दिवसातून चार-पाच वेळा चहा होतो. टपरीवर काचेचा ग्लास मागा. पार्सल न्यायचं तर किटली किंवा थर्मास पाठवा. आपल्या गावाकडं किटली घेऊन चहा आणायची रीत होतीच की.

हे कण शरीरात जाऊन काय करतात? 2024 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतला साचलेला थर शस्त्रक्रियेनं काढून तपासला. 257 रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या थरात पॉलिथिन सापडलं. पुढच्या सुमारे तीन वर्षांत या रुग्णांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू इतरांपेक्षा बरेच जास्त आढळले. प्लास्टिकमुळेच हे झालं असं यावरून सिद्ध होत नाही आणि तसा दावा त्या संशोधकांनीही केलेला नाही. पण जे सहज टाळता येतं ते टाळायला एवढा इशारा मला पुरेसा वाटतो.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या दुधाच्या बाटलीत उकळतं पाणी ओतून पावडरचं दूध कालवलं तर एका लिटरमागे लाखो सूक्ष्म कण सुटतात, असं आयर्लंडच्या ट्रिनिटी कॉलेजच्या 2020 च्या अभ्यासात दिसलं. आईचं दूध सर्वांत चांगलं. वरचं दूध द्यावंच लागलं तर ते स्टीलच्या भांड्यात कालवा, कोमट होऊ द्या आणि वाटी-चमच्यानं पाजा.

आता पाण्याचं टिपाड. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो उन्हाळा इथं कुणीच विसरलेलं नाही. आजही बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही. साठवणं भाग आहे आणि त्यासाठी निळ्या टिपाडासारखी सोयीची वस्तू नाही. ते एचडीपीई या दणकट प्लास्टिकचं असतं आणि मुळात वाईट नसतं. पण भंगारवाल्याकडून स्वस्तात घेतलेल्या टिपाडात आधी अ‍ॅसिड, रंग किंवा आणखी कुठलं रसायन असू शकतं. प्लास्टिकची भिंत ते शोषून घेते आणि नंतर हळूहळू पाण्यात सोडते. साबणानं कितीही घासलं तरी वास जात नाही, तो यामुळे. पिण्याच्या पाण्यासाठी नवंच टिपाड घ्या आणि त्यावर ग्लास व काट्याच्या चमच्याचं चिन्ह आहे का ते बघा. गच्चीवर उन्हात असेल तर बाहेरून नख ओढून पाहा. पांढरी भुकटी निघाली तर उन्हानं प्लास्टिकचे रेणू तुटू लागले आहेत. असं टिपाड धुण्या-भांड्याला ठेवा.

आणि खरं सांगायचं तर टिपाडातल्या प्लास्टिकपेक्षा टिपाडातल्या डासानं आजारी पडलेली माणसं मी कितीतरी जास्त पाहिली आहेत. डेंग्यूचा एडिस डास याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही. आठवड्यातून एकदा टिपाड रिकामं करून आतली भिंत काथ्यानं खसाखसा घासा, वाळवा, मगच भरा. वर घट्ट झाकण किंवा कापड बांधा. डासांच्या अळ्या मारणारं अ‍ॅबेटचं औषध टाकायला आरोग्य कर्मचारी आले तर त्यांना अडवू नका.

चूल पेटवायला पन्नी किंवा ठिबकच्या जुन्या नळ्या लावणाऱ्यांना एकच सांगणं, तो धूर घरातल्या दमेकऱ्याला थेट दवाखान्यात आणतो. पीव्हीसीचा तुकडा त्यात असेल तर धुरात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ आणि डायॉक्सिन असतात.

शेवटी सर्वांत गंभीर गोष्ट. सोयाबीन-कपाशीवर फवारणी झाली की औषधाचे रिकामे डबे घरी येतात आणि त्यांत तेल, रॉकेल, कधी पाणीही भरलं जातं. हे कृपा करून करू नका. डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच टाका, मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे तो कुणाला वापरताच येणार नाही. विषबाधा झाली तर घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, दम लागणं अशी लक्षणं दिसतात. मीठ-पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नका. अंगावरचे कपडे काढा, कातडी साबण-पाण्यानं धुवा आणि 108 ला फोन करा. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. निघताना तो डबा लेबलसकट सोबत घ्या. औषधाचं नाव कळलं की उपचार तिथंच सुरू होतात.