पाकीट उलटं करून वाचा!

सबमिशनच्या रात्री हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावून पाहा. किटलीत नूडल्स, टेबलावर क्रीमची बिस्किटं आणि कॉटखाली चिप्सची रिकामी पाकिटं! मेस आठ-नऊला बंद होते आणि भूक लागते बाराला. मग करायचं काय? 'बाहेरचं खाऊ नका' एवढ्या उपदेशाने हा प्रश्न सुटत नाही. आपण भावी इंजिनिअर, तेव्हा तो आपल्या पद्धतीने सोडवू.

आधी व्याख्या. प्रक्रिया केलेलं सगळंच अन्न वाईट नसतं. ज्वारी दळणं, दही लावणं हीसुद्धा प्रक्रियाच. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंटेरो यांनी २००९ मध्ये अन्नाकडे प्रक्रियेच्या अंगाने पाहायला सुरुवात केली. पुढे त्यातून 'नोव्हा' हे चार गटांचं वर्गीकरण तयार झालं. चौथा गट अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचा. त्याची खूण सोपी आहे : घरच्या फडताळात कधीच न दिसणारे घटक, म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, चव वाढवणारे ६२७ आणि ६३१.

यात बिघडतं काय? अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ सारखंच आणि हवं तेवढं खायची मुभा. तरी पाकीटबंद प्रकारच्या जेवणात माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. म्हणजे दोष नुसत्या आपल्या जिभेचा नाही, अन्नाच्या रचनेचाही आहे.

आता प्रॅक्टिकल. पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तिनात मैदा, साखर, पामतेल असेल तर पुढे 'हेल्दी' लिहिलंय त्याला फारसा अर्थ नाही. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. समजा ८०० मिलिग्रॅम सोडियम, तर झालं २ ग्रॅम मीठ! जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते.

कुणी म्हणेल, घरचं टिकत नाही हो! इंदापूरहून भीमा ओलांडून सोलापूरकडे गेलात की कडक भाकरी मिळते. ज्वारीची पातळ भाकरी, पाणी पार उडवलेली. कोरड्या डब्यात ती आठवडेच्या आठवडे राहते. सूक्ष्मजीवांना वाढायला मोकळं पाणी लागतं. त्याचं माप म्हणजे 'वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी', ते ०.६ च्या खाली गेलं की बुरशीसुद्धा वाढत नाही. आपल्या आज्यांना हा आकडा माहीत नव्हता, पण तत्त्व पक्कं माहीत होतं.

त्याच तत्त्वावर हॉस्टेलचा डबा भरा. फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. सातूचं पीठ, जे दूध-गुळात कालवलं की झालं. गॅस लागतच नाही. दडपे पोहे करायचे तर पातळ पोह्यांत कांदा, टोमॅटो, दाणे, लिंबू, मीठ घाला आणि पंधरा मिनिटं ताटलीखाली दडपून ठेवा. मात्र ते लगेच संपवा, कारण त्यात पाणी आलं! चटणीत ओला चमचा घालू नका. दाणे हवाबंद डब्यात उजेडापासून लांब ठेवा, नाहीतर खवट होतात.

आपल्या बारामती-इंदापूरच्या जिरायत भागात ज्वारी-बाजरी पिकते, कालव्याच्या पट्ट्यात ऊस आणि गोठ्यांत दूध. कच्चा माल शेजारी असताना पाकिटाला दुप्पट पैसे का मोजायचे? शनिवार-रविवारी गावी जाणाऱ्याने एक डबा आणला तर अख्ख्या खोलीचा आठवडा निघतो. आणि मेस कमिटीला, सरांना एक विनंती : रात्री उशिरापर्यंत फुटाणे, गूळ आणि केळी मिळतील एवढी सोय कराच. भूक थांबत नाही, राव. तिच्यासमोर काय ठेवायचं एवढंच आपल्या हातात आहे.