माळा आवरण्याआधी

सोनू, दसऱ्याच्या साफसफाईला माळ्यावर चढशील तेव्हा भांड्यांच्या मागून बंद पडलेले मोबाइल, चार्जरचा गुंता, कधीचा मुका झालेला रेडिओ असं बरंच काही निघेल. सगळं एका पोत्यात कोंबून मोकळी व्हायची तुझी घाई मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते.

१. बंद पडलेली वस्तू एकदा दुरुस्तीवाल्याला दाखव — पंख्याचा कंडेन्सर, मिक्सरचा कार्बन ब्रश असले भाग थोडक्यात बदलून मिळतात आणि वस्तू पुन्हा काही वर्षं चालते.

२. चालू वस्तू नको असेल तर लवकर कुणाला तरी दे — फोन पडून राहिला की बॅटरी खराब होते. आज दिलं तर दान, उद्या दिलं तर भंगार.

३. फोन देण्याआधी त्यातले फोटो दुसरीकडे साठवून घे, सिम आणि मेमरी कार्ड काढ, खात्यातून बाहेर पड आणि मगच रीसेट कर — खातं तसंच राहिलं तर पुढच्याला फोन वापरता येत नाही.

४. लॅपटॉपची हार्ड डिस्क दुकानातून काढून घे किंवा नीट पुसून घे — नुसती डिलीट केलेली फाइल जाणकाराला परत काढता येते.

५. बॅटऱ्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या ठेव — गाडीत दाबली गेली की लिथियम बॅटरी पेट घेते, आणि त्या गाडीवर कुणाचा तरी मुलगा उभा असतो.

६. फुगलेली बॅटरी दाबू नकोस, टोचू नकोस, चार्जिंगला तर मुळीच लावू नकोस. लोखंडी डब्यात कोरड्या वाळूत ठेव आणि लवकर देऊन टाक — फुगली म्हणजे आत गॅस साठलाय.

७. घड्याळाचे, रिमोटचे बटणाएवढे सेल छकुलीच्या हाताला लागू देऊ नकोस — गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसं वाटलं तरी थांबू नकोस, थेट दवाखाना गाठ.

८. सीएफएल आणि ट्यूबलाइट खोक्यात अख्ख्या ठेव — आत पारा असतो. फुटलीच तर पंखा बंद कर, खिडक्या उघड, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांब. मग झाडू न फिरवता जाड कागदाने आणि चिकटपट्टीने तुकडे उचल.

९. डब्याचा जुना टीव्ही फोडू देऊ नकोस, फ्रिजची नळी कापू देऊ नकोस — टीव्हीच्या काचेत शिसं असतं, फ्रिजच्या नळीत गॅस.

१०. तांब्यासाठी वायर कुणी जाळत असेल तर गोडीने थांबव — त्या प्लॅस्टिकच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात. तार जळते अंगणात, धूर बसतो छातीत.

११. रद्दी आणि लोखंड नेहमीच्या भंगारवाल्याला दे, त्याचं घर त्यावर चालतं. सर्किटची वस्तू मात्र नोंदणीकृत संकलकाकडेच जाऊ दे — सोन्याच्या कणांसाठी हे बोर्ड कुठेतरी उघड्या हातांनी अ‍ॅसिडमध्ये बुडवले जातात. दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील.

१२. नवी वस्तू घेताना दुकानात विचार, ‘जुनी परत घेता का?’ — 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांत 106 प्रकारच्या वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. पुण्यात ‘स्वच्छ’च्या कचरावेचक ताईंनाही विचार, त्यांची संस्था असं सामान गोळा करते.

१३. घरात एक खोका ठरव आणि दसरा-पाडव्याला रिकामा कर — जागा ठरली की वस्तू हरवत नाही आणि डब्यातही जात नाही.

एवढं सांभाळलंस की झालं. टीव्ही एकटीने उतरवू नकोस मात्र. रविवारी मी येते, दोघी मिळून उतरवू.