नारूच्या उच्चाटनाचा पाठ

इयत्ता : ४ थी व ५ वी. विषय : परिसर अभ्यास.
साहित्य : दुपदरी सुती फडके, दोन पेले, पिण्याचे शुद्ध पाणी, रवा, मीठ.

प्रस्तावना. संसर्गजन्य रोगांचा पाठ पुष्कळदा केवळ आज्ञांची यादी होऊन बसतो. "हात धुवावेत, पाणी उकळावे" हे मुले तोंडपाठ म्हणतात आणि सुटी होताच ओढ्याचे पाणी ओंजळीने पितात. आज्ञेमागील कारण उमगले, तरच ती आचरणात उतरते. कारण उमगण्यास नारूच्या रोगाइतके सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

निवेदन. नारू हा दोऱ्यासारखा बारीक, दोन ते तीन फूट लांबीचा कृमी होय. त्याची अळी सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म पाणपिसूच्या शरीरात वाढते. असे पाणी प्याल्यावर पिसू पोटात मरते, अळी मात्र जगते. सुमारे एक वर्षाने पूर्ण वाढ झालेली मादी बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर येऊ लागते. तेथे फोड येऊन असह्य आग होते. ती शमावी म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवितो, आणि मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडते. त्या पाणपिसवा गिळतात व चक्र पुन्हा सुरू होते. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरून पाणी भरीत. म्हणून तेथे हा रोग ठाण मांडून बसे. नारू झालेला शेतकरी ऐन हंगामात कित्येक आठवडे अंथरुणास खिळे.

या रोगावर लस नव्हती व कृमी मारणारे औषधही नव्हते. तरीही तो हटला. भारतात १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्या बंद करून विहिरीस कठडा व रहाट बसविणे, हातपंप देणे, पाण्यात पिसूनाशक औषध टाकणे आणि रोग्यास पाण्यात उतरू न देणे, एवढेच उपाय योजिले गेले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

दक्षता. रोग फैलावणारा माणूस स्वतः वेदनेने व्याकूळ होता, हे मुलांच्या मनावर ठसवावे. दोष त्याचा नव्हता, विहिरीच्या रचनेचा होता. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी कावीळ वा जुलाब झाले असल्यास त्याच्याकडे कोणी बोट दाखवू नये. हिणविलेले घर रोग लपविते, आणि लपविलेला रोग गावभर पसरतो.

प्रयोग. पेल्यातील पाण्यात चमचाभर रवा व चिमूटभर मीठ ढवळावे आणि ते फडक्यातून गाळावे. रवा फडक्यावर राहतो. गाळलेले पाणी मुलांनी चाखावे. ते खारटच लागेल. पाणपिसू रव्याप्रमाणे अडते. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू मिठाप्रमाणे निसटू शकतात. म्हणून नारूला पुरे पडलेले फडके या रोगांना पुरत नाही. तेथे पाणी खळखळ उकळणे किंवा टी.सी.एल. पावडरीने निर्जंतुक करणे अवश्य आहे. शुद्ध केलेले पाणीही झाकून ठेवावे व ओगराळ्याने घ्यावे. हात बुडताच ते दूषित होऊ शकते.

गृहपाठ. (१) गावातील वृद्धांस नारूविषयी विचारून पाच ओळी लिहा. (२) गावाच्या पाणवठ्याभोवती सांडपाणी साचते काय, हे पाहून या. (३) घरी पाणी कोण भरते व कशाने काढते, ते लिहा.

समारोप. मुलांनी आणलेली उत्तरे शिक्षकाने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास दाखवावीत. पाणवठ्याजवळचे एक डबके बुजले, तरी पाठ सफल झाला असे समजावे.